विंडोज इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अटकते? पेनड्राइव्ह बदलायच्या आधी हे करून बघा

मागच्या दोन-तीन वर्षांत नात्यातल्या आणि आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या गल्लीतल्या मिळून पाच-सहा पोरांचे पहिलेच असेम्बल केलेले पीसी माझ्याकडे आले आणि तक्रार जवळपास सगळ्यांची एकच, की पार्ट सगळे बसले, फॅन फिरून राहिले, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगच्या पानावर) एसएसडी, म्हणजे विंडोज साठवायची डिस्क, दिसते, रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, दिसते, पण विंडोज टाकायला घेतलं की मध्येच एरर येते नाहीतर निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होते, आणि पुन्हा पहिल्यापासून केलं की पुन्हा तेच. मग पोरगं काय करते, तर आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची मोठी फाइल, पुन्हा डाउनलोड करते. मग दुसरा पेनड्राइव्ह आणते. एका पोराने तर ती पाच जीबीच्या वरची फाइल मोबाइल डेटावर चार वेळा उतरवली होती, आणि तीही बिचारी चारही वेळा बरोबरच उतरली होती.

म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो. पहिला पीसी म्हणजे घरून पैसे मागून, नाहीतर सुट्ट्यांमध्ये काम करून जमवलेला असतो, आणि तो असा अर्ध्यात अटकला की जीव कसा टांगणीला लागतो ते मी स्वतः पाहिलं आहे.

आधी एक कागद घ्या. खरंच, मोबाइलमध्ये नाही, कागदावर लिहा. काहीही न बदलता तीन वेळा इन्स्टॉल करून बघा आणि दर वेळी किती टक्क्यावर थांबलं आणि एरर कोड काय आला एवढंच लिहा. तिन्ही वेळा एकाच जागी अटकत असेल, म्हणजे समजा दर वेळी डिस्क निवडायच्या पानावरच किंवा दर वेळी ४२ टक्क्यावरच, तर भानगड पेनड्राइव्हमध्ये, आयएसओमध्ये नाहीतर बायोसच्या सेटिंगमध्ये असते. पण एकदा १५ वर, एकदा ६० वर, एकदा ८० वर असं होत असेल तर पेनड्राइव्हला हातही लावू नका, आधी रॅम बघा. माझ्या अनुभवात हा एक फरक समजला की अर्धं काम झालंच.

माझा पहिला पीसी मी मे २०२२ मध्ये जोडला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. सीताबर्डीवरून सगळं सामान आणलं, रात्री जेवण झाल्यावर जोडायला बसलो, बाराच्या आसपास बायोस दिसलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. आणि मग चार रात्री विंडोजच बसेना. माझ्या वहीत अजून ते पान आहे, ३७, ६१, १२, मग ८४. कोड दोनदा ०एक्स८००७०२५डी, एकदा ०एक्स८००७०५७०, आणि चौथ्या वेळी तर निळी स्क्रीन, खाली लिहिलेलं मेमरी मॅनेजमेंट. मी तेव्हा तीन पेनड्राइव्ह बदलले, कारण स्क्रीनवर जे लिहून येते ते वाचून माणसाला दुसरं काही सुचतच नाही. पहिला कोड म्हणतो की लागणाऱ्या फाइली इन्स्टॉल होऊ शकत नाहीत, सगळ्या फाइली आहेत का बघा. दुसरा म्हणतो की फाइल खराब आहे किंवा गायब आहे. आता फाइल खराब म्हटल्यावर माणूस फाइलच्याच मागे लागणार ना.

पण आत होते काय ते समजून घ्या. पेनड्राइव्हवर विंडोजची जी मोठी फाइल असते ती घट्ट दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेली असते. सेटअप तिचा एकेक तुकडा रॅममध्ये घेते, तिथे तो उलगडते, बरोबर आहे का ते तपासते आणि मग एसएसडीवर लिहिते. पेनड्राइव्हवर तो तुकडा शंभर टक्के बरोबर आहे, पण रॅममध्ये आल्यावर त्यातला एक बिट जरी उलटला, शून्याचा एक झाला, की तपासणीत तो नापास होतो. सेटअपला बिचाऱ्याला काय माहीत की दोष रॅमचा आहे, ते म्हणते फाइल खराब. आणि रॅममधल्या त्या कमजोर जागेवर दर वेळी वेगळाच तुकडा येऊन बसतो म्हणून टक्का दर वेळी वेगळा. पेनड्राइव्ह खराब असेल तर त्याचा खराब भाग हलत नाही, म्हणून अटकायची जागा शक्यतो तीच राहते.

एक अपवाद आहे तो आधीच सांगतो. कॅबिनेटच्या समोरच्या यूएसबी पोर्टची वायर सैल असेल तर तिथूनही असंच कुठेही अटकते. म्हणून पेनड्राइव्ह मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टमध्ये लावा, यूएसबी २.० वाला असेल तर तोच, आणि एकदा करून बघा. याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचं काम आहे.

आता रॅम. पहिलं काम म्हणजे बायोसमध्ये जाऊन, म्हणजे चालू करताना डिलीट दाबत राहून, एक्सएमपी, म्हणजे रॅम साध्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवायचं सेटिंग, बंद करा. एएमडीच्या बोर्डवर हेच बऱ्याचदा डीओसीपी नाहीतर एक्सपो या नावाने असते. सापडत नसेल तर लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स करा, त्याने ते आपोआप बंद होते. यूट्यूबवर बघून सगळी पोरं पीसी चालू झाल्या झाल्या पहिलं काम एक्सएमपी चालू करायचंच करतात, आणि माझं ठाम मत आहे की ते विंडोज नीट बसल्यावरच करावं, आधी नाही. रॅमच्या डब्यावर ३६०० लिहिलेलं असते म्हणजे ती जन्मतः ३६०० वर चालते असं नसते, एक्सएमपी हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकच आहे. ते बंद केलं की डीडीआर४ रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ अशा साध्या स्पीडवर आणि १.२ व्होल्टवर येते, चालू केलं की बहुतेक स्टिक १.३५ व्होल्ट मागतात. डीडीआर५, म्हणजे त्यापुढच्या पिढीची रॅम, साध्यात बहुधा ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर चालते. चारही स्लॉट भरले असतील तर जास्त स्पीड पेलणं प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरलाही जड जाते. एक्सएमपी बंद करून इन्स्टॉल एका दमात पूर्ण झालं तर दिशा सापडली, पण इथेच थांबू नका, पुढचं वाचा. मी थांबलो होतो. माझं इन्स्टॉल एक्सएमपी बंद करून झालं, मी खूश झालो, आणि आठ दिवसांनी पुन्हा निळी स्क्रीन सुरू झाली.

दुसरं म्हणजे स्टिक काढून पुन्हा बसवा. मागचा प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग स्टिक काढा. आजकाल बऱ्याच बोर्डवर खटका एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू नुसती खाच असते, आणि फसगत तिथेच होते. खटक्याच्या बाजूने कटकन आवाज येतो आणि आपल्याला वाटते बसली, पण दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वरच राहिलेलं असते. उभ्या कॅबिनेटमध्ये ते दिसत नाही. कॅबिनेट आडवं करा, मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा आणि बघा की सोनेरी दात दोन्ही टोकांना सारखेच आत गेले का. एका टोकाला सोनेरी रेघ जास्त दिसत असेल तर बसलेली नाही. दोन अंगठ्यांनी दोन्ही टोकं सारखी दाबा, थोडा जोर लागतोच, घाबरू नका. दातांना बोटं लावू नका. उन्हाळ्यात नागपुरात कूलरसमोर बसून हे काम करणारे मी पाहिले आहेत, तर तेवढं टाळा, कूलरचे तुषार आणि घामाचे हात दोन्ही रॅमला चांगले नाहीत. पंधरा मिनिटं उकाडा सहन करा.

स्टिक दोन असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बोर्डवर बारीक अक्षरात ए२ आणि बी२ लिहिलेलं असते. पहिल्या-दुसऱ्यात लावलेले खूप पीसी बघितले.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे एकच स्टिक ठेवून इन्स्टॉल करा. ए२ मध्ये एक स्टिक, दुसरी बाहेर. झालं नाही तर हीच काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये. एका स्टिकवर होते आणि दुसरीवर होत नाही, तर गुन्हेगार सापडला. दोन्हीवर होत नसेल तर एक चांगली वाटणारी स्टिक बी२ मध्ये लावून बघा, कारण कधी कधी स्लॉटच बिघडलेला असतो, किंवा इंटेलच्या बोर्डवर प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असते आणि त्या बाजूचा सगळा मेमरी चॅनलच नीट चालत नाही. प्रोसेसरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला असेल तरी हे होऊ शकते, त्याचे स्क्रू एकदा ढिले करून तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा. हो, आणि डीडीआर५ असेल तर स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड रॅमची जुळवणी करत असते. त्याला मेलं समजून बटण दाबून बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

पक्कं करायचं असेल, आणि करायलाच पाहिजे, तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवा. फुकट मिळते, वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरूनच बूट करायचं, म्हणजे पीसी सुरू करायचा, विंडोज लागतच नाही. बूट मेन्यूसाठी असूसच्या बोर्डवर बहुधा एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११. रात्री झोपताना लावून द्या, चार फेऱ्या होऊ द्या. सकाळी एक जरी एरर दिसली तरी ती रॅम, निदान त्या स्पीडवर, खराब आहे. एकच आहे म्हणून चालून जाईल असं नसते, ही परीक्षा शून्य एररचीच आहे. माझ्या पहिल्या स्टिकला चार फेऱ्यांत शून्य, आणि दुसरीला पहिल्याच फेरीत अर्धी स्क्रीन लाल. चार रात्री आणि तीन पेनड्राइव्ह त्या एका स्टिकपायी गेले.

रॅम पूर्ण निर्दोष निघाली आणि तरी टक्का बदलतोच आहे, तर मग वीज बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी कूलर-एसी लागलेले असतात, व्होल्टेज वर-खाली होत राहते. माझ्या भाच्याचं असंच होतं. ताई त्रिमूर्तीनगरला राहते, तिथून त्याचा फोन, "मामा, काहून होऊन राहिलं असं, आज ५० वर गेलं अन् मधातच बंद झालं." एरर कोड काहीच नाही, निळी स्क्रीन नाही, नुसतं बंद होऊन पुन्हा चालू. ही खूण लक्षात ठेवा, रॅमचा दोष असला तर बहुतेक वेळा काही ना काही लिहून येते, विजेचा असला की काहीच लिहून येत नाही, खटकन बंद. जाऊन बघितलं तर पीसी घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर होता आणि इन्व्हर्टर साध्या मोडवर. लाइट एक क्षण जरी लपकला तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जायला जो थोडासा वेळ घेतो तेवढ्यात पंखा फिरतच राहतो, बल्ब फक्त मिचकतो, पण पीसी रीस्टार्ट होतो. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असते, ते केल्यावर बदल लवकर होतो. ते केलं आणि भाच्याचं विंडोज त्याच दुपारी बसलं. तसं बटण नसेल तर कोणाचा तरी छोटा यूपीएस दोन तासांसाठी मागून आणा.

जाता जाता अर्थिंगचंही बघून घ्या. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिणी येत असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) खराब आहे असं लगेच धरू नका, आधी त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत पुष्कळदा तिसरं भोक नुसतं नावाला असते. हे विंडोजसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

आता दर वेळी एकाच जागी अटकणाऱ्यांसाठी थोडक्यात. डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामीच असेल आणि प्रोसेसर इंटेलचा ११व्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग शोधून बंद करा, किंवा बोर्ड कंपनीच्या साइटवरून आयआरएसटी नावाचा इंटेलचा डिस्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून त्याच पानावर लोड ड्रायव्हर करा. डिस्क दिसते पण एमबीआर-जीपीटीचं (या डिस्क मांडायच्या दोन पद्धती) काही लिहून येते, तर बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोन नावांनी दिसतो त्यातलं यूईएफआय लिहिलेलं निवडा, आणि कोऱ्या डिस्कवर शिफ्ट आणि एफ१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत इंग्रजीत एकेक टाइप करा, डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. पण हात जोडून सांगतो, हे करायच्या आधी जुन्या पीसीतून काढून लावलेली हार्डडिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवा. क्लीन म्हटलं की ते विचारत नाही. चुकीचा नंबर टाकला तर घरच्या लग्नाचे फोटो एका सेकंदात जातात, एका घरी मी ते झालेलं पाहिलं आहे, त्या काकूंचा चेहरा अजून डोळ्यासमोरून हलत नाही. शिवाय जुनी डिस्क लावलेली असली की विंडोज कधी कधी बूटची फाइल तिच्यावर टाकते, आणि मग पुढे ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही. इन्स्टॉल होईपर्यंत एकच डिस्क, हा नियमच करून टाका.

पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा भाषा निवडायचं पान येत असेल, म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू, तर काही बिघडलं नाही, पीसी पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू होऊन राहिला आहे. स्क्रीन काळी झाली की पेनड्राइव्ह ओढून घ्या. हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही असं येत असेल तर बायोसमध्ये विंडोज ११ ला लागणारं सुरक्षेचं सेटिंग, म्हणजे एएमडीला एफटीपीएम आणि इंटेलला पीटीटी, चालू करा, सिक्युअर बूटही बघा. विंडोज १० टाकून वेळ मारून नेऊ नका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शेवटी इंटरनेट मागते आणि लॅन-वायफाय काहीच दिसत नाही तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट पीसीला देणं, चालू करा, बहुतेक वेळा चालून जाते. आणि स्वस्तातला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह असेल तर तो खरंच ६४ चा आहे का ते एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रामने तपासा, नकली पेनड्राइव्हमध्ये खऱ्या जागेच्या पुढचा डेटा लिहिला गेल्यासारखा दिसतो पण वाचायला गेलं की नसतो.

परत रॅमकडे येतो, कारण खराब निघाल्यावर काय करायचं तेही माहीत पाहिजे. मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो काढा, त्यात स्पीड दिसला पाहिजे, आणि ती परीक्षा एक्सएमपी बंद असतानाची हवी, नाहीतर समोरचा म्हणेल की तुम्ही ओव्हरक्लॉक केलं. दोन स्टिक एका डब्यात जोडीने आल्या असतील तर दोन्ही परत करा, एकच बदलून घेतली तर नवीन स्टिकची चिप वेगळी येऊ शकते आणि मग एक्सएमपीवर दोघींचं जुळत नाही. बिल आणि डबा जपून ठेवा. मी गेलो तेव्हा दुकानवाल्या भाऊंनी आधी "विंडोजच बरोबर टाकलं नसेल" असंच म्हटलं, पण वहीतले टक्के आणि तो फोटो दाखवल्यावर त्यांनी त्यांच्या मशीनवर लावून बघितलं, आणि तिथेही एरर आल्यावर पुढे काही बोललेच नाहीत, जोडी ठेवून घेतली. बारा दिवसांनी नवीन मिळाली.

नवीन रॅम आली की आधी रात्रभर मेमटेस्ट, आणि नंतर विंडोज पुन्हा कोरं टाका. खराब रॅमवर कसंबसं बसलेलं जुनं विंडोज ठेवू नका, कितीही नीट चालताना दिसलं तरी. त्या स्टिकमधून गेलेला कुठला तुकडा तपासणीतून निसटून तसाच एसएसडीवर लिहिला गेला हे शोधायचा सोपा मार्ग नाही, आणि चार महिन्यांनी अपडेट अटकायला लागलं की पुन्हा वाटते रॅमच गेली. माझं इन्स्टॉल नवीन जोडीवर एका दमात झालं, एक्सएमपी मी महिनाभराने चालू केलं, त्यावरही एक रात्र मेमटेस्ट लावलं, आणि तोच पीसी आज हे टाइप करायला वापरून राहिलो.